डावा दिला होता

मी ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसून स्टेअरिंगखालचं झाकण उघडत होते, तेवढ्यात अंगणाचं बेडं, बांबूचं फाटक, वाजलं. पडवीत तांदूळ निवडत बसलेली आई उठली, सूप तिथेच ठेवून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कोण आलंय ते मला मान वर न करताच कळलं.

“नाना आहेत?” भुवडकाकांनी खालूनच माझ्या वडिलांबद्दल विचारलं.

“चिपळूणला गेलेत. संध्याकाळी येतील, गिऱ्हाईक घेऊन.”

“म्हणजे विकताय हे खरं.”

“हो.”

ते तिथेच उभे राहिले. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हापासून गणपत भुवड आमचा ट्रक चालवत होते. पोफळीहून जांभ्याचे चिरे भरायचे, कुंभार्ली घाट चढायचा, कराडला उतरवून परत यायचं. माझ्या थोरल्या भावाला, सुहासदादाला, त्यांनीच याच अंगणात गाडी शिकवली होती. जानेवारीपासून मात्र आमच्या घरातलं कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं.

जानेवारीत दादा मोटारसायकलवरून घाट चढत होता. पुढे आमचाच ट्रक होता, चालवायला काका. एका डाव्या वळणानंतर दादाने ट्रकला ओलांडायला गाडी बाहेर काढली आणि वरून येणाऱ्या टेम्पोवर समोरासमोर आदळून गेला. ट्रकला ओरखडासुद्धा आला नाही. मागून येणाऱ्या जीपवाल्याने पोलिसांना सांगितलं की ट्रकचा उजवा दिवा उघडझाप करत होता, त्याने स्वतः बघितला, आणि काकांवर केस झाली.

पुस्तकात इंडिकेटरचा अर्थ वेगळा असेल. आमच्या घाटात पुढच्या ट्रकने उजवा दिवा लावला तर त्याचा अर्थ, समोर कुणी नाही, ये पुढे. डावा लावला तर, थांब. चढावर मागच्याला पुढचं काहीच दिसत नाही. तो पुढच्या ट्रकच्या डोळ्यांनी बघतो. याला ‘साइड देणं’ म्हणतात आणि दिलेली साइड खोटी निघाली तर घाटात त्या ड्रायव्हरला कुणी चहाही विचारत नाही.

काका सगळ्यांना एकच सांगत होते, मी डावा दिला होता. पोलिसांना सांगितलं, कोर्टात सांगितलं, नानांच्या पायाशी बसून सांगितलं. नाना तोंड फिरवून बसले. आईचं ठरलेलं होतं, त्याने बोलावलं आणि माझा पोर गेला. आणि मी? मी नुकतीच फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाले होते. दोन्हीकडे नुसता शब्द होता, पुरावा नव्हता, म्हणून मी गप्प होते. ते गप्प राहणं काकांना कसं वाटत असेल याचा विचार मी केला नव्हता.

“माझी वळकटी वर राहिलीय,” काका म्हणाले. “तेवढी घेतो. आणि नानांना एक सांगायचं होतं. सोमवारी तारीख आहे. वकील म्हणतो, कबूल करून टाक, शिक्षा कमी होईल. तर कबूल करतोय. पण नानांना एकदा सांगायचं होतं, की मी…”

“काका, ते पुन्हा नको.”

“नको तर नको.”

ते पलीकडच्या दाराने वर चढले, सीटमागची वळकटी ओढून काढली आणि ती मांडीवर घेऊन क्लीनरच्या जागी बसले. उतरून जातील असं मला वाटलं होतं, पण ते माझ्या हाताकडे बघत होते.

“काय करतेयस?”

“इंडिकेटरचा स्विच बदलायचाय. गिऱ्हाईक बघायला आलं तेव्हा म्हणालं, दांडी सैल आहे. नानांनी कराडहून नवीन आणलाय.” मी सीटवरचा खोका दाखवला.

“आणि वायरमन मेले काय सगळे?”

“नाना म्हणाले, बाहेरचा माणूस नको या गाडीला. तू सुहासबरोबर बसायचीस ना वायरिंगला, तूच कर.”

काकांनी मान हलवली. “मग कर की. काढ आणि घाल. बघत काय बसलीस?”

“आधी जुन्यात काय बिघडलंय ते बघायचंय.”

“टाकायचंच आहे ते. बघून काय करणार?”

“बघितल्याशिवाय टाकलं तर नवीन बरोबर चाललंय हे कशावरून कळणार?”

“कॉलेजात हेच शिकवलं?”

“हेच.”

“मग बरं. मला वाटलं, नुसती वेणी घालून एस्टीने जात होतीस.”

मी हसले, आणि लगेच बंद दाराकडे बघितलं. काकांनीही बघितलं.

मी दांडी हलवून बघितली. खाली केली की डावा, वर केली की उजवा, मधे बंद. पण मधे ती थांबेना. मधे आणून सोडली की टचकन कुठल्यातरी टोकाला जायची.

“तशी नाही,” काका म्हणाले. “चिडते ती. हलक्या हाताने आणायची.” त्यांनी वाकून दोन बोटांनी दांडी मधे आणली, आणि ती राहिली.

“आणि वळण संपल्यावर स्टेअरिंगचं चाक सरळ होतं, तेव्हा आपोआप मधे येते का?”

“यायला हवी.”

“हवी, की येते?”

“बाय, घाटात मी रस्ता बघू का दांडी? तो हिरवा टिकटिकतो तेवढं बघतो मी.”

समोरच्या फळीवर एकच छोटा हिरवा दिवा होता. डावा लावला तरी तोच, उजवा लावला तरी तोच. जुन्या गाड्यांत असाच असतो. मी त्याच्याकडे बघत राहिले. मनात काय आलं होतं ते अजून धड शब्दांत नव्हतं.

“काका, एक फेरी मारता? फणसाला वळसा घालून. मी मागून चालते.”

“मी?” त्यांनी हात मांडीवर पुसले. “नाना काय म्हणतील?”

“मी सांगेन नानांना.”

“तुझी आई आत आहे.”

“काका, एकच फेरी.”

ते माझ्या जागी आले. चाकावर हात ठेवला आणि लगेच सुरू केलं नाही. मग इंजिन खोकलं, चालू झालं. मी उतरून मागच्या फळीमागे गेले.

“डावा द्या,” मी ओरडून सांगितलं.

मागचा डावा नारिंगी दिवा उघडझाप करू लागला. ट्रक हळूहळू पुढे सरकला, फणसाजवळ डावीकडे वळला. मी मागून चालत होते. दिवा व्यवस्थित, एका लयीत लागत होता. वळण संपलं, काकांनी चाक सरळ करायला घेतलं.

डावा दिवा विझला. आणि उजवा उघडझाप करू लागला.

मी जागच्या जागी थांबले. कानात इंजिनचा आवाज येत होता, पण लांबून आल्यासारखा. ट्रक सरळ होऊन पुढे जात होता आणि त्याचा उजवा दिवा मला स्वच्छ सांगत होता, समोर कुणी नाही, ये. मी त्या फळीपासून किती अंतरावर उभी आहे ते माझ्या लक्षात आलं. दादा इथेच होता. इतक्याच अंतरावर.

“काका, थांबा!”

ट्रक थांबला.

“कुठला चालू आहे?”

“डावा,” केबिनमधून आवाज आला.

“नक्की?”

“अगं, टिकटिकतोय की समोर.”

“बंद करू नका. कशाला हात लावू नका. खाली येऊन बघा.”

ते उतरले, ट्रकच्या कडेला हात लावत मागे आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मग त्यांनी पुढे होऊन त्या दिव्यावर तळहात ठेवला. बोटांच्या फटींतून उजेड लागत होता, विझत होता.

“हा मी नाही लावला,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“बाय, हा मी…”

“काका, मला माहीत आहे. मी बघितलं.”

त्यांनी हात काढला नाही.

एकदा घडलं त्यावर विसंबायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं. मी त्यांना पुन्हा फेरी मारायला लावली, आणि पुन्हा. डावा दिला, डावीकडे वळलं, चाक सरळ केलं, की उजवा. दर वेळी. समोर हिरवा दिवा तसाच, जणू काही झालंच नाही.

शेवटच्या फेरीनंतर काकांनी इंजिन बंद केलं. मी वर चढले, तर ते जागेवरून उठेनात.

“झालं ना बघून?” ते म्हणाले. “जा, पाणी घेऊन ये मला. तोवर मी हा स्विच काढून ठेवतो.”

“पाण्याची बाटली तुमच्या पायाशी आहे.”

“मग चहा आण.”

“मला आत बघायचंय, तो पलीकडे का जातो ते.”

“काय असणार आत? बिघडलंय. नवीन घाल आणि मोकळी हो.”

मला कळेना. जानेवारीपासून जे कुणी मानत नव्हतं ते आत्ता सिद्ध झालं होतं, आणि माणूस म्हणत होता, टाकून दे. मी त्यांना सरकवून बसले. हॉर्नचं बटण काढलं. चाकावर आणि चाकाखालच्या दांड्यावर रंगाची खूण करून नट सोडवला. चाक घट्ट बसलं होतं, काकांनी न बोलता दुसऱ्या बाजूने जोर लावला, आणि ते निघालं. खाली स्विच होता. मी बॅटरी मारली.

असल्या स्विचमध्ये दांडीला तीन खाचा असतात आणि एक स्प्रिंग छोट्या गोळीला त्या खाचेत दाबून धरते. वळण संपताना चाकाचा दात दांडीला मागे ढकलतो आणि ती मधल्या खाचेत पडते. इथे स्प्रिंग नव्हती, गोळीही नव्हती. त्याऐवजी सायकलच्या ट्यूबची एक अरुंद पट्टी दांडीच्या शेपटापासून पलीकडच्या स्क्रूपर्यंत ताणून बांधली होती. दांडी टोकाला असताना रबर सैल असायचं, मधे सगळ्यात ताणलेलं. ताणलेलं रबर मधे कशाला राहील? चाकाने दांडी मधे ढकलली की रबर तिला तसंच पलीकडच्या टोकाला ओढून नेत होतं. चूक इतकी साधी होती की मला ती क्षणभर सुंदर वाटली.

मग मी गाठ बघितली.

पट्टीची दोन्ही टोकं तंगुसाने, म्हणजे गळाला लावतात त्या नायलॉनच्या दोऱ्याने, बांधली होती. वेढे एकाला एक लागून, आणि शेवटी काडीने टोक वितळवून केलेला बारीक मणी. दादा वाशिष्ठी नदीवर मासे गरवायला जायचा. आमच्या घरात छत्रीची काडी, पंख्याची जाळी, माझ्या चष्म्याची दांडी, मोडलेलं सगळं असंच बांधलेलं होतं.

मी बॅटरी तशीच धरून बसले.

“कधी?” मी शेवटी विचारलं.

“गणपतीच्या आसपास.” काका काचेतून बाहेर बघत होते. “स्प्रिंग तुटली होती. मीच म्हटलं त्याला, सुहासशेट, नवीन मिळेपर्यंत काहीतरी करा. इथेच बसून केलं त्याने, शीळ घालत. मला म्हणाला, काका, मधे आणताना हळू, नाहीतर चिडते. खूश होता. नानांना दाखवलं. नाना म्हणाले, चालतंय ना, मग राहू दे.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“बांधलंय हे माहीत होतं. ती पलीकडे जाते हे मला कुठे ठाऊक? मी समोर बघून चालवतो. आज कळलं, तुझ्याबरोबरच.”

मघाशी, दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत, त्यांना उलगडलं असणार. म्हणून मला चहाला पाठवत होते.

नवीन स्विचचा खोका आमच्या दोघांच्या मधे होता. काकांनी पक्कड उचलून माझ्यासमोर धरली.

“वायरी काप.”

“काका, हा काढला तर तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. असाच जागेवर दाखवला तर तुम्ही सुटाल.”

“सुटेन?” त्यांनी इतक्या पटकन विचारलं की त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. मान खाली गेली. मग त्यांनी हनुवटीने घराकडे दाखवलं. “आणि तिचं काय? मला शिव्या देत देत उभी राहिलीय ती. आता कुणाला देईल?”

मी पक्कड घेतली नाही, परतही केली नाही. ती त्यांच्या हातात तशीच राहिली.

“उजवा कसा लागला?”

आई केबिनच्या दारापाशी उभी होती. ती कधी बाहेर आली ते आम्हाला कळलं नव्हतं. प्रश्न मला होता, काकांकडे तिने बघितलं नाही.

“खिडकीतून बघत होते मी,” ती म्हणाली. “डावा लावला होता. वळल्यावर उजवा कसा लागला?”

“आई, आत जाऊन बोलू.”

“उतर. मला बघू दे.”

मी उतरले. आई कधी ड्रायव्हरच्या जागेवर बसली नव्हती. लुगड्याचा काठ सावरत ती वर चढली. काका दुसऱ्या दाराने खाली उतरले आणि दाराची मूठ धरून उभे राहिले. मी पायरीवर उभी राहून बॅटरी धरली आणि स्प्रिंगबद्दल सांगायला लागले. तिने माझं ऐकलं नाही. तिचं बोट सरळ त्या मण्यावर गेलं.

“सुहासने बांधलंय हे.”

मी बॅटरी आणखी जवळ धरली.

तिने दांडी मधे ढकलली, ती पलीकडे गेली. उलटी ढकलली, अलीकडे आली. ती पुन्हा पुन्हा करत राहिली, चेहऱ्यावर काहीही न येता. मग नखाने अगदी सावकाश सरकवत तिने दांडी मधे आणली आणि बोट काढून घेतलं. दांडी राहिली.

“राहते की,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “हळू केलं की राहते.”

“हो, आई.”

ती दांडीकडे बघत बसली. बाहेर कोंबड्या सुपातले तांदूळ टिपत होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही.

“म्हणजे त्याला कुणी बोलावलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“वहिनी,” काका पलीकडून म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं. ही पोर काढून टाकते. कुणाला कळायचं नाही. मी सोमवारी…”

“काढायचं नाही,” आई म्हणाली. “कुणी हात लावायचा नाही याला.”

काकांची सुटका व्हावी म्हणून ती म्हणाली, की ते दादाच्या हातचं होतं म्हणून, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही. आजही ठरवलेलं नाही.

संध्याकाळी नाना गिऱ्हाइकाला घेऊन आले, तेव्हा आई पायरीवर बसली होती. “गाडी विकायची नाही आता,” एवढंच ती म्हणाली. मी नानांना केबिनमध्ये नेऊन दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं. मग ते गिऱ्हाइकाला बेड्यापर्यंत पोचवायला गेले. माणूस निघून गेला तरी नाना तिथेच, रस्त्याकडे तोंड करून, बेडं धरून उभे होते.

काकांनी कबुली दिली नाही. पुढे ते निर्दोष सुटले, पण त्याला बरेच दिवस लागले. मला डोळ्यांसमोर दिसतो तो पंचनाम्याचा दिवस. वकिलाच्या अर्जावरून मोटार वाहन निरीक्षक आले, बरोबर एक हवालदार आणि वाडीतले दोन पंच. मी चाक परत बसवून ठेवलं होतं. काकांनी फणसाला वळसा घातला, साहेब मागून चालत गेले. मी जिथे थांबले होते तिथेच तेही थांबले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, “परत एकदा घ्या.”

मग त्यांनी स्वतःच्या हाताने स्विच काढला. हवालदार लिहीत असताना ते सांगत होते, सायकलच्या ट्यूबची पट्टी, नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली. स्विच कापडात गुंडाळला, दोरा आवळला. ते सील करायला लाख काढत होते, तेव्हा आई पडवीतून उठून पुढे आली.

“हे परत मिळेल ना, साहेब?”

“केस संपल्यावर. अर्ज करावा लागेल.”

“कुणी करायचा?”

“ज्याची वस्तू आहे त्याने,” साहेब म्हणाले आणि त्यांनी काडी ओढली.

आई तशीच उभी राहिली. लाख वितळून कापडावर पडली, वर शिक्का बसला. नाना जमिनीकडे बघत होते.

भुवडकाका ट्रकमधून उतरून पुढे आले.

“अर्ज मी करीन, वहिनी.”

जानेवारीनंतर आईने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं.

“विसराल, भावजी.”

“नाही विसरणार.”

“विसराल,” ती म्हणाली. “मी आठवण करून देत जाईन.”